दोन वर्षं घराबाहेर आणि २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच : मॉर्मन मिशनरी पोरांचं हे गणित नेमकं काय असतं?

समजा, बोदवडचा एक १८ वर्षांचा पोरगा आहे. बारावी झाली, पुढं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आणि त्याला एक पत्र येतं. पुढची दोन वर्षं तू अमुक देशात राहायचं. गाव आम्ही ठरवणार, खोलीतला जोडीदारही आम्हीच ठरवणार. पगार नाही, उलट खर्चाचा भार तू आणि तुझ्या घरच्यांनी उचलायचा. मधे सुट्टी नाही. बहिणीचं लग्न असलं तरी नाही, सण असला तरी नाही. घरी फोन? २०१९ पर्यंत तो वर्षातून दोनदाच असायचा.

आपल्याकडची आई हे पत्र वाचून सरळ चुलीत घालेल.

पण अमेरिकेच्या युटा राज्यात असं पत्र आलं की घरातली सगळी माणसं गोळा होतात, पत्र मोठ्यानं वाचलं जातं, व्हिडिओ काढले जातात आणि आई आनंदानं रडते. कारण ते मॉर्मन घर असतं आणि पोरगा 'मिशन'वर निघालेला असतो. आज जगभरात अशी ७० हजारांहून जास्त माणसं एकाच वेळी घराबाहेर आहेत आणि त्यातली बहुतेक विशीच्या आसपासची आहेत.

या पोरांच्या दोन वर्षांतला सगळ्यात अवघड आठवडा कुठला, असं विचारलं तर अनेक जण एकच उत्तर देतात, नाताळचा. आणि या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या पुण्यात येऊन पोचतो. तोही रेल्वे सुरू व्हायच्या आधीच्या पुण्यात.

आधी थोडक्यात, मॉर्मन म्हणजे कोण?

६ एप्रिल १८३० ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं एक चर्च स्थापन केलं. बायबलसोबत 'बुक ऑफ मॉर्मन' हा आणखी एक ग्रंथ ते पवित्र मानतात, त्यावरून लोकांनी त्यांना मॉर्मन म्हणायला सुरुवात केली. १८४४ मध्ये जमावानं जोसेफ स्मिथला तुरुंगात घुसून मारलं. मग ब्रिगहॅम यंगच्या मागं ही मंडळी बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाली आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसली. आजही मुख्यालय तिथंच आहे. जगभरातले सदस्य सुमारे पावणेदोन कोटी.

नावाचा एक घोळ आहे. २०१८ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव आहे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. एवढं लांब नाव कोण घेणार, त्यामुळं जग अजून मॉर्मनच म्हणतं. या लेखात आपणही तेच वापरू.

दुसरी गोष्ट म्हणजे बाकीचे अनेक ख्रिस्ती पंथ यांना आपल्यातलं मानत नाहीत. मॉर्मन बाप्तिस्मा आम्ही ग्राह्य धरत नाही, असं कॅथलिक चर्चनं २००१ मध्ये स्पष्ट केलं. स्वतः मॉर्मन मात्र आपण ख्रिस्ती आहोत असंच सांगतात आणि नाताळ २५ डिसेंबरलाच साजरा करतात.

मिशनवर गेलेला पोरगा दिवसभर करतो काय?

आधी मुलं १९ व्या वर्षी जायची आणि मुली २१ व्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही वयं खाली आणली, मुलांसाठी १८ आणि मुलींसाठी १९. त्यानंतर अर्जांचा पूरच आला. मुलांनी २४ महिने द्यायचे, मुलींनी १८. मुलांवर 'जायलाच हवं' असं एक सामाजिक दडपण असतं, मुलींना ते ऐच्छिक मानलं जातं.

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. पाटीवर आडनाव आणि त्याआधी 'एल्डर'. एल्डरचा अर्थ वडीलधारा. म्हणजे ज्याला नीट मिशी फुटलेली नाही, त्याला सगळे 'वडीलधारे अमुक' म्हणून हाक मारणार! मुलींच्या पाटीवर 'सिस्टर' असतं. पहिल्या नावानं हाक मारायची नसते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे एकट्यानं राहायचं नाही. येशूनं शिष्यांना दोघादोघांच्या जोडीनं पाठवलं, अशी बायबलमध्ये नोंद आहे, त्यावरून ही पद्धत आली. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा, बाथरूमचा अपवाद. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा जोडीदार बदलू शकतो, गावही बदलू शकतं.

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास. मग दिवसभर लोकांच्या दारोदार, रस्त्यावर गप्पा, कुणाच्या घरी शिकवणी, कुणाचं सामान हलवायला मदत. रात्री साडेदहाच्या सुमारास झोप. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातला एक दिवस मोकळा, त्यात कपडे धुणं, बाजार आणि घरी पत्र किंवा ईमेल.

पैशांचं बोलायचं तर मिशनरीला पगार मिळत नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतल्या घरांना दरमहा ठरावीक रक्कम भरावी लागते. ती बरीच वर्षं ४०० डॉलर होती, २०२० मध्ये ५०० डॉलर झाली. म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार डॉलर. अनेक मुलं शाळेत असल्यापासून छोटीमोठी कामं करून ही रक्कम साठवतात.

हे सगळं वाचून 'ब्रेनवॉश' हा शब्द तुमच्या बोटांवर आला असेल. थांबा जरा. आपल्याकडं लहान वयात दीक्षा घेणारे जैन साधू-साध्वी आहेत. चातुर्मासात एका जागी राहायचं, बाकी वर्षभर पायी फिरायचं, घराशी संबंध तोडायचे, असं कडक आयुष्य आपण पाहतो. फरक एवढाच की मॉर्मन पोरगा दोन वर्षांनी परत येतो, कॉलेजला जातो, लग्न करतो. संन्यासापेक्षा हे लष्करी नोकरीच्या जवळ जाणारं प्रकरण आहे.

नाताळलाच काय होतं?

दिवाळीत होस्टेलवर अडकलेल्या पोराला विचारा. मेसमधे त्या दिवशी गोड असतं, वॉर्डन फराळ वाटतो, तरी घास उतरत नाही. रोज आठवण येतेच असं नाही, पण ज्या दिवशी आपल्या घरात नेमकं काय चाललं असेल हे मिनिटामिनिटाला ठाऊक असतं, त्या दिवशी माणूस तुटतो. ऊसतोडीला फडावर गेलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको, त्यांची दिवाळी दरवर्षी अशीच हुकते.

मॉर्मन पोराचं दुखणं आणखी एका कारणानं वाढतं. आपण दाराशी जाऊन ज्याच्या जन्माबद्दल बोलतो, त्याच्याच वाढदिवसाला लोक म्हणतात, आज नको, आज घरी पाहुणे आहेत. वर्षभर दार लावून घेणारी माणसं त्या आठवड्यात जास्त हळुवारपणे लावतात इतकंच. आणि सोबत जो जोडीदार आहे, त्याची ओळख कदाचित तीन आठवड्यांचीच. दोघंही एकमेकांपासून लपवून रडतात, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

त्यात जिथं नाताळ हा सणच नाही अशा देशात गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. जपानमध्ये २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस. भारतात सुट्टी असते, पण बोदवडसारख्या गावात त्या दिवशी बाजारही नेहमीसारखा आणि एसटीही नेहमीसारखी.

आता येतो तो फोन.

२०१९ पर्यंत नियम असा होता की आठवड्यातून एकदा ईमेल करता येईल, पण आवाज ऐकायचा तर वर्षातून दोनच दिवस. एक मदर्स डे आणि दुसरा नाताळ. स्वतःचा फोन बऱ्याच जणांकडं नसायचा, मग गावातल्या एखाद्या मॉर्मन कुटुंबाच्या घरी जायचं, त्यांच्या फोनवरून नाहीतर संगणकावरून बोलायचं. रांग लागायची. पलीकडं आई, बाप, भावंडं, आजी, सगळे एका स्पीकरभोवती. सहा-सात महिन्यांचं बोलायचं असायचं आणि पहिली पाच मिनिटं कुणालाच काही सुचायचं नाही.

नियमामागं कारणं होती. जुन्या काळी परदेशी फोन परवडायचा नाही, हे एक. दुसरं म्हणजे सारखं घर कानात राहिलं तर मन कामात लागत नाही, ही समजूत. आपल्याकडच्या निवासी शाळांमध्येही हीच समजूत असते, फोन आला की पोरगं रडतं म्हणून फोनच नको. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. पोरगं फोनमुळं रडत नाही. ते आधीपासून रडत असतं, फोनवर फक्त ऐकू येतं.

१५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चनं नियम बदलला. आता मिशनरी दर आठवड्याच्या मोकळ्या दिवशी घरी फोन, मेसेज, व्हिडिओ कॉल करू शकतात. कुटुंबानंही या अनुभवात सहभागी व्हावं, असं कारण दिलं गेलं. सगळ्यांना तो बदल आवडला असं नाही. 'आम्ही दोन फोनवर काढली की दोन वर्षं' असं म्हणणारे जुने मिशनरी आहेतच. सीनियरची रॅगिंग आठवून ज्युनियरला 'तुम्हाला काय माहीत' म्हणणारी जमात सगळीकडं असते.

आणि जो मधेच परत येतो, त्याचं काय? आजारपणानं म्हणा, मन खचल्यामुळं म्हणा, काही जण दोन वर्षं पूर्ण करत नाहीत. त्यांना समाजात मान खाली घालावी लागायची, याबद्दल मॉर्मन लोक स्वतःच बरंच लिहितात. अलीकडं घरी राहून सेवाकार्य करायचा पर्यायही दिला जातो. पण गल्लीतल्या बायकांच्या कुजबुजीवर युटातही अजून इलाज सापडलेला नाही.

आता पुण्याकडं वळू

ऑगस्ट १८५२. सॉल्ट लेक सिटीत एक खास परिषद भरली. त्यात शंभराच्या आसपास माणसांना जगाच्या कानाकोपऱ्यात जायला सांगितलं गेलं. नऊ जणांच्या वाट्याला आला 'हिंदुस्तान'. त्यांना आधी विचारलेलंही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ते गाड्यांतून निघाले, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागले, जहाजाच्या भाड्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत लोकांकडून पैसे गोळा केले आणि २९ जानेवारी १८५३ ला 'मॉन्सून' नावाच्या जहाजावर चढले. म्हणजे १८५२ चा नाताळ त्यांचा वाटेतच गेला. एप्रिलच्या शेवटी ते कलकत्त्याला उतरले. त्यांच्यातला एमॉस मिल्टन मसर निघाला तेव्हा २२ वर्षांचा होता. तो आपला जोडीदार ट्रूमन लिओनार्डसोबत पुढं कराचीला गेला. घरी परतला तो १८५७ मध्ये. पाच नाताळ बाहेर. फोनचा प्रश्नच नव्हता.

पण मुंबईत त्यांच्याही आधी एक जण पोचला होता. ह्यू फिंडले, स्कॉटलंडचा, वय तीस. तो ब्रिटनमधल्या मॉर्मन मिशनकडून सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईला आला. त्या वेळी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झालेली नव्हती, ती सुरू झाली १६ एप्रिल १८५३ ला. मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याला धारेवर धरलं. मग तो घाट चढून पुण्याला आला. पुण्याला मोठी लष्करी छावणी होती, इंग्रज शिपाई होते, त्याला वाटलं इथं ऐकणारे मिळतील. छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्याला आत प्रचार करायला मनाई केली. तरी त्यानं पुण्यात एक छोटी शाखा उभी केली. त्यात मूठभर माणसं, बहुतेक युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. पुढं त्याचा भाऊ ॲलनही मदतीला आला.

फिंडलेनं मराठी शिकायला घेतली. १८५५ मध्ये मुंबईत त्याचं एक पत्रक छापलं गेलं, त्याचं नावच होतं 'टू द मराठाज ऑफ हिंदुस्तान', म्हणजे मराठी माणसांना उद्देशून लिहिलेलं. सॉल्ट लेकची वस्ती तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती, आणि त्या पंथाचा माणूस इकडं मराठी माणसासाठी पत्रक काढत होता!

त्याच वर्षी दोघं भाऊ निघून गेले. १८५६ पर्यंत भारतातलं अख्खं मिशन गुंडाळलं गेलं. अख्ख्या देशात मिळून बाप्तिस्मा घेतलेल्यांची शंभरीही भरली नाही.

का फसलं? हे बघण्यासारखं आहे.

एक तर या लोकांनी पैसे न घेता फिरायचं व्रत घेतलं होतं. गावोगाव जायचं, जो कुणी जेवायला देईल त्याच्याकडं जेवायचं. इंग्लंडच्या कामगार वस्तीत हे चाललं. इथं जातीपातीच्या चौकटीत परक्याला पंगतीला कोण बसवणार? आणि साहेबलोकांच्या बंगल्यात फाटक्या कोटातल्या माणसाला कोण उभं करणार? गोरा असूनही गरीब, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्तानात कुणालाच झेपत नव्हती, ना नेटिवांना ना साहेबांना.

दुसरं, त्याच ऑगस्ट १८५२ च्या परिषदेत चर्चनं बहुपत्नीत्वाची प्रथा जाहीरपणे मान्य केली होती. ती बातमी जहाजानं मागोमाग इथं आली आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. ही प्रथा पुढं १८९० मध्ये चर्चनं अधिकृतपणे थांबवली, पण मॉर्मन म्हटलं की आजही अनेकांना पहिल्यांदा तेच आठवतं.

तिसरं, जो मॉर्मन होईल त्यानं शेवटी युटाला येऊन राहावं, अशी त्या काळी अपेक्षा असायची. पुण्याच्या माणसानं अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून वाळवंटात जायचं, तेही स्वतःच्या खर्चानं. बाकीची मिशनं शाळा काढत होती, दवाखाने काढत होती, नोकऱ्या देत होती. यांच्याकडं द्यायला काहीच नव्हतं.

मग खानदेशात कोण आले?

खानदेशात ज्यांनी मुळं धरली ते मिशनरी वेगळे. पूर्व खानदेश आणि वऱ्हाडात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' ही अमेरिकन संस्था आली. अकोला, भुसावळ या रेल्वेच्या गावांतून त्यांचं काम पसरलं. भुसावळचं अलायन्स चर्च त्याच परंपरेतलं. पश्चिमेला धुळे, नंदुरबार, नवापूरकडं स्कँडिनेव्हियन अमेरिकन मंडळी आली, चिंचपाड्याचा दवाखाना त्यांच्याच कामातून उभा राहिला. ही माणसं दोन वर्षांसाठी आलेली नव्हती. आयुष्य घालवायला आली होती, भाषा शिकली, काही जण इथल्याच मातीत पुरले गेले. त्यामुळं नाताळला घरची आठवण हा त्यांच्यासाठी 'दोन वर्षं सहन करायचा' विषय नव्हता. त्यांचं घर इथंच झालं होतं.

त्यांच्याबद्दल सगळं गोड लिहिण्याचं कारण नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि बुलढाणा जिल्हाही त्याच राज्यात होता. म्हणजे बोदवडच्या पुढं मलकापूर लागलं की तुम्ही मध्य प्रदेशात! १९५६ च्या अहवालात समितीनं परदेशी मिशनऱ्यांच्या कामावर कडक ताशेरे ओढले आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असणाऱ्यांना परत पाठवावं अशी शिफारस केली. चर्चच्या लोकांना तो एकतर्फी वाटला, इतरांना तो डोळे उघडणारा वाटला. तो वाद आजही मिटलेला नाही.

आज भारतात काय चित्र आहे?

मॉर्मन भारतात परत आले ते १९७८ च्या डिसेंबरात. एडविन आणि एल्सी धर्मराजू हे हैदराबादकडचं जोडपं सामोआत असताना मॉर्मन झालं होतं. ते खास मिशनवर हैदराबादला आले आणि त्यांच्याच २२ नातेवाइकांनी बाप्तिस्मा घेतला. एल्सीचे वडील बाप्टिस्ट धर्मगुरू होते, त्यांनीच पुढं 'बुक ऑफ मॉर्मन'चं तेलुगू भाषांतर केलं. १९९३ मध्ये बंगळूरला मिशन सुरू झालं, २००७ मध्ये दिल्लीला. सदस्य पंधरा हजारांच्या आसपास, त्यात दक्षिणेतले जास्त. मुंबई-पुण्यात लहान शाखा आहेत. इथं फिरणारे मिशनरी बहुतेक भारतीयच असतात, कारण परदेशी माणसाला पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही आणि मिशनरी व्हिसा सहज मिळत नाही.

त्यामुळं आज नाताळला घर आठवून रडणारा एल्डर हा युटाचा गोरा पोरगा असेलच असं नाही. तो विशाखापट्टणमचा तेलुगू पोरगा असू शकतो, जो दिल्लीच्या थंडीत पहिल्यांदाच स्वेटर घालून फिरतोय आणि ज्याची हिंदी अजून अडखळते.

कायद्याचं एका दमात सांगायचं तर राज्यघटनेच्या कलम २५ नुसार धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, आपला धर्म समजावून सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही. म्हणजे दाराशी येऊन बोलणारा गुन्हेगार नाही, आणि 'नको' म्हणणारा असहिष्णू नाही. डिसेंबरात फिरणारे व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचलेली बरी.

आणि कधी अशी जोडी तुमच्या दारात आलीच, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. चहा विचारू नका. मॉर्मन लोक चहा, कॉफी, दारू, तंबाखू यातलं काहीच घेत नाहीत. १८३३ पासूनचा नियम आहे. खानदेशात चहा नाकारणं म्हणजे अपमानच, त्यामुळं गैरसमज नक्की होणार. दूध द्या, लिंबू सरबत द्या. डिसेंबर असेल तर आणखी सोपं, शेतात काड्यांवर वांगी भाजलेली असतीलच. भरीत आणि कळण्याची भाकरी वाढा. वांग्याबद्दल त्यांच्या नियमांत काहीही लिहिलेलं नाही.